मोड आलेलं लोखंड

आमच्या कारखान्यात बायकांच्या कोटाला खिसे आहेत. दोन्ही बाजूंना, चांगले खोल, मनगटापर्यंत हात आत जाईल असे. खालापूरच्या आसपास एवढे कारखाने आहेत, पण बायकांच्या कोटाला असे खिसे मी दुसरीकडे कुठं बघितले नाहीत. हे खिसे एका माणसानं स्टोअरशी भांडून शिवून घेतले. बायकांच्या सोयीसाठी नव्हे. भट्टीच्या सोयीसाठी.

"भट्टीपुढं हात खिशात," असं ते म्हणायचे. भट्टी विभागात कुणीही पाऊल टाकलं की पहिलं वाक्य हेच, बाकीची विचारपूस नंतर. त्यांचं म्हणणं असं, की भट्टीत माल बिघडतो तो उष्णतेनं नाही, माणसाच्या बोटांनी. तापमानाचा काटा जरा इकडे सरकलेला दिसला की माणसाला राहवत नाही, तो बटण फिरवतो. मग काटा तिकडे जातो, मग हा पुन्हा फिरवतो. "भाजी सारखी ढवळणारी माणसं असतात ना, ती मला इथं नकोत." मी रुजू झाले त्या दिवशी माझ्या कोटाला खिसे नव्हते, म्हणून त्यांनी मला भट्टीजवळ येऊच दिलं नाही. मी म्हटलं, "सर, कोट कंपनीचा आहे." तर ते तसेच तरातरा स्टोअरमध्ये गेले. स्टोअरचे पाटील म्हणजे वयानं पन्नाशीचे, खालापूरजवळच्याच गावचे, कुणाला न घाबरणारे. दोघांचं बोलणं मला बाहेर ऐकू येत होतं.

"बायांच्या कोटाला खिसं नस्त्यात साहेब. डिझाईनच तसं हाय."

"मग बायांनी हात कुठं ठेवायचे?"

"कामावर!"

"तेच तर नकोय मला!"

आठवड्याभरात खिसे आले.

मी भौतिकशास्त्रात बीएस्सी आहे, पहिल्या वर्गात. हे मी सांगते, आणि विचारलं नाही तरी सांगते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. वडील भात लावतात आणि उरलेलं वर्ष शेजारच्या फार्महाऊसची झाडं सांभाळतात. मला टेस्टिंगमध्ये नोकरी लागली तेव्हा काका म्हणाले होते, "एवढी शिकली आन् आता लोखंड मोजनार?" तर हो, लोखंड मोजते. अजूनही तेच करते.

हे आमचे सर मला 'पदवीधर' म्हणायचे. "काय पदवीधर, जेवलीस का?" "पदवीधर, तो पंखा बंद कर." पहिले काही दिवस मला वाटलं, टोमणा मारतायत. मग एकदा मशीन दुरुस्तीला आलेला कुणी माणूस मला "ए पोरी, पाणी आण" म्हणाला. सर त्याच्याकडे न बघताच म्हणाले, "पोरी नाही, पदवीधर. आणि पाणी त्या कोपऱ्यात आहे." तेव्हापासून मी त्या हाकेला लगेच ओ द्यायला लागले.

ते मूळचे दहिवलीचे. वडील वकील, आजोबा वकील. गावात अजून त्यांचा पत्ता 'वकिलांच्या घरातले' असाच सांगतात, आणि मग आवाज खाली आणून, 'मोठा मुलगा भट्टीवर असतो.' धातुशास्त्र शिकून त्यांनी बाहेरच्या राज्यात मोठ्या पोलाद कारखान्यात नोकरी केली. बायको गेल्यावर ते दहिवलीच्या घरी परत आले आणि आमच्या शेठनी त्यांना भट्टीवर घेतलं. निवृत्तीचं वय केव्हाच उलटलं होतं. दर वर्षी शेठ म्हणत, "आणखी एक वर्ष बघू या," आणि सर म्हणत, "बघा." आता ते मुलीकडे बडोद्याला असतात. फोन केला की आधी भट्टीची चौकशी करतात, मग माझी.

भट्टी चालू असताना ते तिच्याकडे पाठ करून बसायचे, प्लास्टिकच्या स्टुलावर, भिंतीकडे तोंड. नव्या माणसाला वाटायचं, म्हातारा रुसलाय. पण तिच्याकडे बघत बसलं की घाई सुटते, आणि घाई सुटली की हात खिशातून बाहेर येतात, असा त्यांचा हिशेब होता. विभागात कुणी हातोडी आपटली, पाना खाली टाकला, की ते डोळे मिटून घ्यायचे, जणू त्यांच्याच पायावर पडलाय. आणि कुणी 'चुकून झालं' म्हणालं की विचारायचे, "मग मुद्दाम काय काय करतोस तू?"

आमचा माल काय असतो ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. लोखंडात सिलिकॉन आणि बोरॉन घालून वितळवतात आणि तो रस इतक्या झटक्यात गार करतात, की आतल्या अणूंना ओळीत बसायला वेळच मिळत नाही. लहानपणी आम्ही 'स्टॅच्यू' खेळायचो. पोरं मैदानभर पळत असताना कुणी 'स्टॅच्यू' ओरडलं, की जो जिथं असेल तिथं थिजायचा. हे लोखंड तसं आहे. त्याची केसाहूनही पातळ पट्टी बनते, ती आम्ही विकत आणतो आणि शिंप्याच्या टेपसारखी गुंडाळून तिचे कोर करतो. ते ट्रान्सफॉर्मरमध्ये बसतात. ओळीत न बसलेल्या या लोखंडाला चुंबकत्व लवकर चढतं आणि लवकर उतरतं, त्यामुळं वीज वाया कमी जाते. गुंडाळताना पट्टीत जो ताण भरतो तो काढायला कोर भट्टीत घालायचा. पण बेतानं. चारशे अंशांच्या आतच. त्याच्या फार वर गेलं, की थिजलेली पोरं हलायला लागतात आणि आपापल्या ओळी धरतात. लोखंडात स्फटिक तयार होतात. ते वाढले की पट्टी ठिसूळ, वीज खाणारी, निकामी.

पुस्तकात याला स्फटिकीभवन म्हणतात. मी पहिल्या आठवड्यात हा शब्द सरांपुढं वापरला. मला वाटलं होतं खूश होतील.

"पट्टीला मोड आले म्हण," ते म्हणाले.

"मोड?"

"वालाला येतात ते. स्फटिकीभवन म्हणेपर्यंत माल जळून जाईल."

सर स्वयंपाक स्वतः करायचे, आणि वालाचं बिरडं हा त्यांच्या आयुष्यातला सर्वात गंभीर विषय होता. वाल भिजवणं, बांधणं, मोड आले की सोलणं, यात ते कुणाची मदत घ्यायचे नाहीत. त्यामुळं त्यांच्या डोक्यात लोखंड आणि वाल ही एकाच खात्यातली प्रकरणं होती. आधी सूक्ष्म अंकुर धरतो, मग तो वाढतो. आणि एकदा धरला, की माघारी जात नाही. भट्टीतून लॉट निघाला की ते पट्टीचा एक तुकडा काढायचे, कानाशी धरायचे आणि दुमडायचे. चांगली पट्टी दुमडते, कागदासारखी, आवाज न करता. मोड आलेली कडकन तुटते. त्यांना तो आवाज एवढा ओळखीचा झाला होता, की शेजारच्या विभागात कुणी पापड मोडला तरी मान वळायची. तुटली, की ते ट्रेवर खडूनं मोठ्या अक्षरात लिहायचे: मोड. नाही तुटली, तर काहीच लिहायचे नाहीत. इंग्रजीत लिहा, असं शेठनी सांगून बघितलं होतं. "खडू मराठी आहे," एवढंच त्यांचं उत्तर.

मोड आलेला लॉट वाया. तो भंगारात जायचा, आणि भंगाराचं खातं पाटलांकडे होतं; खालापूरच्या भंगारवाल्या आक्काचा टेंपो दर शनिवारी येऊन ते न्यायचा. हे सगळं माझ्या आधीपासून वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललं होतं.

मग नवं लोखंड आलं.

मोठ्या कोरच्या ऑर्डरी कमी होत चालल्या होत्या. शेठनी कुठून तरी छोट्या कोरचं काम मिळवलं. विजेवरच्या गाड्यांच्या चार्जरमध्ये बसणारे, बांगडीएवढे कोर. त्यासाठी नवी भट्टी घेतली, आणि नवी पट्टी मागवली. तीही तशीच थिजलेल्या लोखंडाची, पण तिच्यात चिमूटभर तांबं आणि थोडं निओबियम. आणि गंमत अशी, की या पट्टीला मोड आणायचे होते. मुद्दाम! साडेपाचशे अंशांच्या आसपास नेऊन. तांब्यामुळं एकाच वेळी असंख्य ठिकाणी अंकुर धरतात आणि निओबियम त्यांना वाढू देत नाही. सगळे बारीक, डोळ्यांना काय, साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारे. तसे जमले तर हा कोर जुन्या कोरपेक्षा कितीतरी पटींनी सरस. वाढले तर माती.

ज्या माणसानं आयुष्यभर मोड येऊ दिले नाहीत त्याला आता मोड आणायला सांगितलं होतं. दोन दिवस ते जुन्या आणि नव्या भट्टीच्या मध्ये फेऱ्या मारत होते. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "पदवीधर, जमेल. पण उलटं चालल्यासारखं वाटतं गं."

पहिला लॉट फसला. शेठला घाई होती म्हणून ट्रे गच्च भरून, कोरला कोर चिकटवून भट्टी लावली होती. काटा ठरलेल्या आकड्याला पोचला आणि तिथं थांबायच्या ऐवजी वर गेला. कुणी बटणाला हात लावला नव्हता, आम्ही सगळे खिशात हात घालून उभे होतो. तो आपला आपण चढत गेला. सर भट्टीकडे पाठ करून बसले होते, ते पहिल्यांदा वळून बसले. भट्टी बंद केली तरी आत बराच वेळ तापत राहिलं. बाहेर काढले तेव्हा मधले कोर काळे पडून एकमेकांना चिकटले होते. कोरचं चुंबकत्व मोजणाऱ्या माझ्या मीटरवर आकडा जवळजवळ उठलाच नाही.

शेठचा फोन आला, सरांनी तो स्पीकरवर लावला. ते ओरडणारे गृहस्थ नव्हेत, शांतपणे बोलतात, त्यामुळं जास्त लागतं. म्हणाले, अजून एक लॉट करून बघा. नाही जमलं तर नवी भट्टी परत करू, सरांनी घरी आराम करावा, आणि टेस्टिंगची खोली चालू ठेवण्यात अर्थ नाही, उरलेली तपासणी बाहेरून करून घेऊ.

टेस्टिंगची खोली म्हणजे मी. त्या खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

घरी मी काही बोलले नाही. पण माझ्या धाकट्या बहिणीची दहावी झाली होती, निकाल चांगला लागला होता. तिला कॉलेजात घालायचं ते माझ्याकडे बघून ठरलं होतं. माझी नोकरी गेली असती तर काका म्हणाले असते, बघा, शिकून काय झालं, आणि त्या वेळी वडील गप्प बसले असते. ते काकांसमोर गप्पच बसतात. मग धाकटीही फार्महाऊसवर झाडांना पाणी घालायला गेली असती. हे घरात कुणी बोलून दाखवत नव्हतं. अर्ज भरायचा तेवढा 'उद्या बघू' म्हणून राहिला होता.

दुसऱ्या दिवशी सर डबा ठेवायच्या पिशवीतून एक फडक्याचं मोठं गाठोडं घेऊन आले आणि माझ्या टेबलावर, मीटरच्या शेजारी ठेवलं.

"हात घाल आत."

"काय आहे सर?"

"हात घाल म्हणतो ना!"

मी गाठ जरा सैल करून हात घातला. भिजवलेले वाल होते, मोड फुटलेले. बाहेरचे थंडगार होते. मध्ये बोटं गेली तशी मी हात पटकन मागे घेतला.

"गरम आहेत सर."

"आहेत ना? त्यांना कुणी तापवलं? रात्रभर ओट्यावर होते." त्यांचे डोळे चमकत होते. "मोड येताना दाणा स्वतः उष्णता टाकतो. सुटे ठेवलेस तर वाऱ्यावर जाते. गच्च बांधलेस तर जाणार कुठं? मध्येच साठते. मग आंबतात. काल आपण काय केलं? गाठोडं गच्च बांधलं!"

हे पुस्तकातही आहे. स्फटिक तयार होताना धातू उष्णता सोडतो, मी नंतर शोधून वाचलं. पण मला ते बोटांना आधी कळलं, याचं मला अजून बरं वाटतं.

मग त्यांनी दुसरा लॉट लावला. निम्मेच कोर, ट्रेवर सुटे सुटे, मध्ये बोट जाईल एवढी जागा सोडून. ठरलेल्या तापमानाच्या जरा अलीकडे भट्टी कितीतरी वेळ नुसती थांबवून ठेवली, सगळे कोर आतून बाहेरून सारखे तापेपर्यंत. मग अगदी सावकाश वर. त्या टप्प्याला काटा किंचित थरथरला, थोडा वर गेला आणि परत आपल्या जागी आला. सर भिंतीकडे बघत होते. "बघ आणि मला सांग," म्हणाले. मी सांगितलं. ते फक्त "हं" म्हणाले. रात्रभर भट्टी बंद ठेवून माल आत निवू दिला.

दुसरा दिवस शनिवार होता. सकाळी सरांनी माल काढला. मी मीटर तपासून जुळवत होते, खोलीचं दार आतून लावून घेतलं होतं, कारण दार उघडं असलं की वाऱ्यानं कागद उडतात. बाहेर सरांनी, हे त्यांनीच नंतर सांगितलं, एक तुकडा कानाशी धरून दुमडला. कडकन तुटला. आयुष्यात पहिल्यांदा तो आवाज ऐकून त्यांना आनंद झाला असावा. ट्रे त्यांनी माझ्या दाराबाहेर रांगेत ठेवले, नेहमीच्या सवयीनं खडू काढला, प्रत्येक ट्रेवर मोठ्या अक्षरात लिहिलं, आणि चहाला गेले.

मी दार उघडलं तेव्हा बाहेर काहीच नव्हतं.

"सर, ट्रे कुठं ठेवलेत?"

"तुझ्या दारात."

दोघं स्टोअरमध्ये गेलो. पाटील पावती फाडत होते.

"हां, त्ये मोडीचं? गेलं की. आक्काचा टेंपो आलता ना शनवारचा."

"मोडीचं म्हणजे?" सरांचा आवाज बारीक झाला.

"तुमीच लिवलं हुतं खडूनं. मोड. मोड म्हंजी मोडीत. भंगार. आजवर कवा चुकलोय का मी? जवा जवा तुमी मोड लिवलं, तवा तवा दिलं आक्काला."

सरांनी खिशातला खडू काढून पाटलांपुढं ठेवला.

"पाटील, अहो मोड म्हणजे मोड! मटकीला येतात ते!"

"मटकीला?" पाटलांनी माझ्याकडे बघितलं, साहेबांना उन्हाचा त्रास झालाय का, अशा नजरेनं. "लोखंडाला?"

मला हसू येत होतं आणि रडूही. इतकी वर्षं एक जण अंकुर लिहीत होता, दुसरा भंगार वाचत होता, आणि दोघंही बरोबर होते. कारण तोवर ज्याला मोड आले ते मोडीतच जात होतं. आज पहिल्यांदा तसं नव्हतं.

सर तिथल्या खोक्यावर बसले. "बरोबर आहे पाटील तुमचं," म्हणाले. "चूक माझी. शब्द माझा होता."

"बसू नका सर," मी म्हटलं. त्यांच्याशी मी एवढ्या जोरात कधी बोलले नव्हते. "पाटीलमामा, व्हॅन काढा."

आक्काचं भंगाराचं गोदाम खालापुरात, जुन्या रस्त्याला लागून. मे अखेरचं ऊन, पत्र्याच्या शेडखाली भाजत होतं. आक्का वजनकाट्याशेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या, पदरानं वारा घेत. टेंपो नुकताच रिकामा झाला होता. मी आधी ढिगाकडे धावले. बारदानांची पोती, वायर, मोडके पंखे. हे कोर भट्टीतून निघाल्यावर कुरडईसारखे होतात, चांगले असले तरी. पोत्यात टाकले असतील तर चुरा झालाच असणार.

"काय शोधतीस गं पोरी?"

"सकाळचे कोर. आमच्याकडचे. काळ्या बांगड्यांसारखे."

"त्ये? तिकडं बग भिताडाला. टेंपोवाल्याला म्हनलं, ट्रेसकट उचल. ट्रे चांगल्या पोलादाचं हायत, वजनात भरत्यात."

भिंतीला लावून आमचे ट्रे होते. जसेच्या तसे. प्रत्येकावर खडूनं मोड. त्या क्षणी मला आक्काच्या पाया पडावंसं वाटलं, आणि वजनासाठी ट्रे उचलणाऱ्या टेंपोवाल्याच्याही.

एक कोर मात्र गेला होता. गोदामातल्या माणसानं आत काय आहे ते बघायला त्यावर हातोडी घातली होती.

"तांबं हाय का बघितलं," आक्का म्हणाल्या. "नाय निघालं. नुसता भुगा."

"तांबं आहे त्यात," सर म्हणाले. मी त्यांना खूण केली, पण उशीर झाला होता.

आक्का खुर्चीत पुढं सरकल्या. "हाय? किती?"

"चिमूटभर. तेही लोखंडात विरघळलेलं."

"मंग माला काय उपेग त्याचा?" त्या परत मागे टेकल्या. "पर माल माजा हाय आता. पाटलानी पावती दिलीया. दर वेळी द्येता आन् आज माघारी कशापाई पायजे?"

सर त्यांच्यापुढं उकिडवे बसले. घामानं सदरा पाठीला चिकटला होता. "आक्का, तुम्ही वालाचं बिरडं करता का?"

"न करायला काय झालं?"

"गच्च बांधून ठेवले, आंबले, वास मारायला लागला, तर काय करता?"

"टाकून द्येते गुरास्नी."

"आणि बेतानं बांधले, सगळ्यांना बारीक मोड आले एकसारखे, तर?"

"तर शिजवते. फेकल का कोन?"

"आजवर मी तुम्हाला आंबलेले देत होतो. हे दुसरे आहेत."

आक्कांनी ट्रेकडे बघितलं, सरांकडे बघितलं, मग पाटलांकडे. "असं हाय व्हय. मंग येड्यासारकं दोनीला येकच नाव का ठिवलं रं पाटला?"

"म्या नाय ठिवलं!" पाटील म्हणाले. "साहेबांनी!"

"न्या. पर ट्रे सोमवारी माघारी पायजेत. त्ये माजं."

आम्ही ट्रे मांडीवर घेऊन आलो. सर पुढं, मी मागं, गाडी बैलगाडीच्या वेगानं. मागून हॉर्न वाजत होते. प्रत्येक गतिरोधकाला सर म्हणायचे, "पाटील, पाटील," आणि पाटील म्हणायचे, "दिसतंय वो!"

खोलीत आल्यावर मी पहिला कोर प्लास्टिकच्या डबीत बसवला, त्यावर तारेचे वेढे घातले आणि मीटर लावला. आकडा अर्ध्यावर थांबला. सर दाराशी उभे होते.  कोर बाहेर काढून उजेडात धरला, तर किनारीला टवका गेलेला होता. वाटेतला असणार. मी तो बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला. डबी दोनदा निसटली.

दुसऱ्याचा आकडा चढला. जुन्या कोरचा जास्तीत जास्त जो मी कधी बघितला होता त्याच्या वर गेला, आणखी वर गेला, आणि तिथं थांबला. मला वाटलं, मीटर बिघडला. तार काढून परत लावली. तोच आकडा. तिसरा घेतला, चौथा घेतला. एकामागून एक सगळे तसेच. दोन-तीन टवके गेलेले सोडले तर गिऱ्हाइकाला पाठवायला पुरून उरतील एवढे.

"सर," मी म्हटलं.

"सांग."

"बारीक आलेत मोड. एकसारखे."

ते दाराच्या चौकटीला टेकले आणि हळूहळू खाली बसले. मी घाबरले. पाटील पाणी घेऊन धावले. तर सर हसत होते. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"शेठला फोन लाव," ते म्हणाले, "आणि तूच सांग. मला बोलवत नाही."

मी कारखान्यातून शेठना कधी फोन केला नव्हता. तिकडून शांत आवाज आला, "कोण बोलतंय?" मी माझं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. मग आकडे सांगितले, एकेक करून. ते तिकडे लिहून घेत होते. शेवटी म्हणाले, "परत मोजलंत?"

"दोनदा."

"मग सोमवारी नमुने पाठवा. आणि टेस्टिंगसाठी आणखी एखादा मीटर लागेल तुम्हाला, कोणता हवा ते कळवा."

मी म्हटलं, कळवते. फोन ठेवला तेव्हा कान गरम झाला होता.

त्या दिवशी सर शिफ्ट संपायच्या आधीच निघाले, मलाही चल म्हणाले. कर्जतला जाणाऱ्या मिनीडोर टमटममध्ये आम्ही शेजारी बसलो. आठ-दहा माणसं कोंबलेली, वर कुणाचं तरी आंब्याचं खोकं. चौक गाव यायच्या आत सरांची मान माझ्या खांद्यावर आली. तोंड उघडं, बोटांना अजून खडू.

मी मोबाइल काढून बहिणीला फोन लावला.

"उद्या सकाळी ऑनलाइन अर्ज भरू या गं तुझा. कागद काढून ठेव."

"उद्या? नक्की?" ती म्हणाली. "मागच्या वेळी पण तू..."

"नक्की. विज्ञान घेणार ना?"

"हो. ताई, तू एवढं हळू का बोलतेस? काय झालंय?"

"काही नाही झालं. सर झोपलेत बाजूला."

कर्जतचा चारफाटा गेला. ड्रायव्हरनं मान मागे करून विचारलं, "दहिवलीवाले कोन हायत?" सर गाढ झोपले होते, आणि कर्जतला उतरून त्यांना रिक्षानं मागे घरी सोडता आलं असतं. मी मानेनंच त्याला पुढं चला म्हटलं.